भेगा, शिरा आणि शिवणी: निसर्गातल्या नक्षीवरून स्वतःचा क्विल्ट ब्लॉक

निसर्गावरून क्विल्टचा ब्लॉक (गोधडीसारख्या क्विल्टमधला, एकामेकांना जोडायचा एक चौकोन) करायचा म्हटलं की पहिला हात फुलाकडे जातो. कागदावर फूल काढायचं, पाकळ्या कापायच्या आणि चौकोनी कापडावर लावायच्या. त्यात वाईट काही नाही. पण असे ब्लॉक शेजारी शेजारी ठेवले की सुटी फुलं दिसतात, सलग क्विल्ट दिसत नाही. आपल्याला हवी असते ती फुलामागची, पानामागची, भेगाळलेल्या चिखलामागची मांडणी. रेषा कुठून निघतात, कुठे थांबतात आणि एकमेकींना कशा भेटतात, हे बघायचं. हे एकदा पकडलं की ब्लॉक आपोआप तुमचा होतो. शिवाय तो शिवायला जमेल की नाही, हेही कात्री हातात घेण्याआधीच कळतं.

बघायचं कसं

फोटो स्वतः काढा. दुसऱ्याच्या फोटोवरून रेषा गिरवल्या तर ब्लॉक तुमचा म्हणायला जागा राहत नाही, आणि प्रत्यक्ष बघताना जे कळतं ते फोटोत अर्धंसुद्धा उतरत नाही. झाडाची साल, पान, वाळलेला चिखल, कापलेलं खोड, शिंपला, काहीही चालेल. कॅमेरा पृष्ठभागाला अगदी समांतर धरा, नाहीतर लांबच्या रेषा आक्रसतात आणि कोन फसवे येतात. ऊन बाजूने येत असेल तेव्हा खाचा ठळक दिसतात, भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

आता जाड कागदात तीन इंचांची चौकोनी खिडकी कापा आणि ती छापलेल्या फोटोवर फिरवा. जिथे कुठलीच वस्तू पूर्ण दिसत नाही, फक्त रेषा कडेकडून आत येतात आणि बाहेर जातात, तिथे थांबा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मोजक्या रेषा उतरवा. पाच ते नऊ रेषा पुरतात. बारीकसारीक सगळं उतरवायचा मोह होतो, तो आवरा. दहा इंच लांबून डोळे किलकिले करून बघितलं की ज्या रेषा उरतात, त्याच कामाच्या.

रेषा भेटतात तिथे थांबा

माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाचा टप्पा हाच. ट्रेसिंगवर जिथे जिथे रेषा भेटतात तिथे लहान गोल करा आणि भेट कोणत्या प्रकारची आहे ते बघा.

पहिला प्रकार: एक रेषा सरळ पुढे गेलेली आहे आणि दुसरी तिला येऊन धडकून थांबली आहे. याला ‘टी’ भेट म्हणू. वाळत्या चिखलात पहिल्यांदा पडणाऱ्या भेगा अशा असतात. चिखल आक्रसतो, ताण वाढतो आणि भेग पडते. भेग पडली की तिच्या काठाशी तिच्या आडव्या दिशेचा ताण सुटतो, लांबीच्या दिशेचा मात्र तसाच राहतो. म्हणून नंतरची भेग जुनीजवळ येताना वळते आणि तिला जवळपास काटकोनात भेटते. ती जुनी ओलांडत नाही. पानाच्या मधल्या शिरेला फुटणाऱ्या उपशिराही याच जातीच्या. त्यांचा कोन तेवढा काटकोनाऐवजी तिरका असतो.

दुसरा प्रकार: तीन रेषा एकाच बिंदूत येतात आणि तिन्ही बरोबरीच्या असतात. ही ‘वाय’ भेट. मधमाशांचं पोळं, साबणाचा फेस, चतुराच्या पंखाचा काही भाग यांत ती दिसते. पोळ्यात तिन्ही कोन १२० अंशांचे असतात. सारख्या क्षेत्रफळाचे कप्पे कमीत कमी भिंतीत बसवायचे तर षटकोनच सर्वांत काटकसरीचा, हे गणिती थॉमस हेल्स यांनी १९९९ साली सिद्ध केलं. गंमत म्हणजे तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून वाळत राहिला तर त्याच्या ‘टी’ भेटी हळूहळू १२० अंशांच्या ‘वाय’ भेटींकडे झुकतात. म्हणजे एकाच चिखलाच्या तुकड्यात दोन्ही प्रकार सापडू शकतात.

शिवणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा. ‘टी’ भेट सरळ शिवणीने होते. ‘वाय’ भेटीत मात्र तिसरा तुकडा कोपऱ्यात बसवावा लागतो. त्यासाठी शिवण कोपऱ्यापासून पाव इंच अलीकडे थांबवायची, कापड वळवायचं आणि पुढे जायचं. हाताने एखादी अशी शिवण छान येते. मशिनवर अशा बारा-पंधरा शिवणी एका ब्लॉकमध्ये घालणं म्हणजे संयमाची परीक्षा. ‘वाय’ भेटींचीच नक्षी आवडली असेल तर कागदी साचे कापडात गुंडाळून कडा हाताने जोडण्याची पद्धत घ्या. षटकोनाचा साचा त्याच्या बाजूच्या लांबीवरून ओळखतात. एक इंची षटकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन इंच भरतो, आणि सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत साधारण १.७३ इंच. आराखडा मांडताना हे दोन आकडे गोंधळले की ओळी जुळत नाहीत.

ट्रेसिंगवर ‘वाय’ भेटी थोड्याच असतील तर त्यांतली एक रेषा किंचित सरकवून ‘टी’ करून टाका. लांबून कुणाला कळत नाही.

अजून एक तपासणी बाकी आहे. सगळ्या भेटी ‘टी’ असूनही ब्लॉक अडू शकतो. मधे एक चौकोन आणि त्याभोवती चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीची रेषा पुढच्या पट्टीला धडकून थांबलेली, अशी भिंगरीसारखी रचना डोळ्यांपुढे आणा. इथे कुठलीच रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. अशा वेळी पहिली शिवण अर्धीच घालायची, बाकीच्या तीन पूर्ण करायच्या आणि शेवटी ती अर्धी पुरी करायची. जमतं, पण आराखडा आखतानाच हे माहीत हवं. म्हणून प्रश्न एवढाच विचारा: एक तरी रेषा कडेपासून कडेपर्यंत जाते का? जात असेल तर तिथे ब्लॉकचे दोन भाग होतात. मग प्रत्येक भागाला तोच प्रश्न पुन्हा विचारा. शेवटच्या तुकड्यापर्यंत उत्तर ‘हो’ आलं तर पूर्ण ब्लॉक सरळ शिवणींत होतो.

एक ब्लॉक आखून बघू

चिखलाच्या भेगा घेऊ. तयार ब्लॉक १२ इंचांचा धरू, म्हणजे चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीबाहेर राहणारं जास्तीचं कापड) धरून शिवण्याआधीचा ब्लॉक साडेबारा इंच. आखताना १२ इंचांचाच चौकोन काढा, माया शेवटी वाढवा. आधीच माया धरून आखायला बसलं की प्रत्येक माप डोक्यात वजा करत बसावं लागतं.

पहिली भेग: वरच्या कडेवर डावीकडून ५ इंचांवर खूण, खालच्या कडेवर डावीकडून ७ इंचांवर खूण, दोन्ही जोडा. दुसरी: डाव्या कडेवर वरून ८ इंचांवरून निघून पहिल्या भेगेला काटकोनात भेटेल अशी रेघ. तिसरी: उजव्या कडेवर वरून ४ इंचांवरून निघून पहिल्या भेगेला काटकोनात. चौथी: खालच्या कडेवर डावीकडून १० इंचांवरून निघून पहिल्या भेगेला समांतर वर जाणारी, तिसऱ्या भेगेला धडकली की थांबणारी. पाचवी: डाव्या कडेवर वरून साडेतीन इंचांवरून दुसऱ्या भेगेला समांतर, पहिल्या भेगेपर्यंत.

पाच भेगा, सहा तुकडे. एक भेग एका तुकड्याचे दोन करते, त्यामुळे तुकडे नेहमी भेगांपेक्षा एकने जास्त यायला हवेत. मोजून बघा. आकडा जुळला नाही तर एखादी रेघ मधेच अधांतरी सुटलेली असते किंवा दुसरीला ओलांडून गेलेली असते.

आता शिवण्याचा क्रम, आणि इथे चिखल स्वतःच उत्तर देतो. जी भेग सर्वांत आधी पडली ती शिवण सर्वांत शेवटी घालायची. पाचवी आणि चौथी भेग आधी शिवा, मग दुसरी आणि तिसरी, शेवटी पहिली. भेगांना पडण्याच्या क्रमाने आकडे दिलेले असतील तर उलटं मोजत जायचं. मघाची भिंगरी सोडली तर ‘टी’ भेटींच्या कुठल्याही नक्षीला हा नियम लागू पडतो. पानाला लावून बघा. उपशिरा आधी, मधली शीर शेवटी.

आपल्या ब्लॉकचे पहिल्या भेगेवर दोन भाग होतात. डाव्या भागात एकाखाली एक तीन तुकडे, त्यांना ड१, ड२, ड३ म्हणू. उजव्या भागात खाली दोन, उ१ आणि उ२, आणि त्यांच्या डोक्यावर आडवा उ३. दोन्ही भाग कागदावर शिवण्याच्या पद्धतीला (कागदावर आखलेल्या रेषेवरून कापड कागदासकट शिवायचं) अगदी सोयीचे, कारण प्रत्येक नवा तुकडा आधीच्यांच्या सबंध कडेला एकाच सरळ रेषेत लागतो.

भेग नुसती शिवणीची रेषा म्हणून ठेवायची की खरोखर फट दिसायला हवी, हे आत्ताच ठरवा. मला फट असलेला ब्लॉक जास्त जिवंत वाटतो. त्यासाठी प्रत्येक रेघेची दुहेरी रेघ करा आणि मधल्या पट्टीला स्वतंत्र तुकडा समजा. पहिली भेग सर्वांत जुनी म्हणून सर्वांत रुंद: तिला साधारण १० मिलिमीटर द्या, बाकीच्यांना ६. पहिल्या भेगेची लांब पट्टी डाव्या भागालाच शेवटचा तुकडा म्हणून लावून टाका. शिवण्याचा क्रम बदलत नाही.

कागदाशिवाय, अंदाजाने कापून पट्ट्या घालणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. कापडाला सरळ काप देऊन त्यात पाऊण इंच रुंदीची पट्टी शिवली की पट्टी पाव इंच दिसते, पण दोन शिवणींत मिळून एक इंच कापड जातं. म्हणजे प्रत्येक पट्टीमागे तुकडा पाव इंचाने आक्रसतो. सुरुवातीचं कापड त्या मानाने मोठं घ्या.

शेजारच्या ब्लॉकशी जमवणं

ब्लॉक एकटा कधीच नसतो. आराखड्याच्या प्रती काढून, कापून, टेबलावर मांडून बघा. कडेवर जिथे रेघ बाहेर पडते तिथे शेजारच्या ब्लॉकची रेघ यायला हवी असेल तर साधा नियम असा: ब्लॉक कसाही फिरवला तरी कडेवरची खूण एकतर तेवढ्याच अंतरावर येते किंवा समोरच्या टोकापासून तेवढ्या अंतरावर. म्हणून रेघ कडेच्या बरोबर मध्यावर, ६ इंचांवर आणली तर कुठल्याही दिशेने जुळते. किंवा खुणांची जोडी ठेवा, ४ आणि ८ वर. पण सगळंच मध्यावर आलं की क्विल्ट चौकटीचा कागद दिसायला लागतो, आणि चिखल कुठेतरी हरवतो.

आपल्या ब्लॉकची मापं मी मुद्दाम वेगळी घेतली आहेत. हा ब्लॉक आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब आलटून पालटून बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा. वरच्या ब्लॉकची पहिली भेग खाली ७ इंचांवर संपते. खालच्या उलट्या ब्लॉकची भेगही वर ७ इंचांवरच सुरू होते. आडव्या बाजूने बघितलं तर ४ ला ४ भेटतो, पुढच्या जोडावर ८ ला ८. मुख्य भेगा क्विल्टभर वाकड्यातिकड्या धावत जातात. चौथी भेग मात्र खालच्या ब्लॉकच्या कडेला धडकून थांबते, आणि तेच बरोबर आहे, कारण खऱ्या चिखलातही बारीक भेगा अशाच थांबतात.

प्रतिबिंबासाठी वेगळं गणित नको. कागदावर शिवताना कापड कागदाच्या मागच्या बाजूला असतं, त्यामुळे तयार ब्लॉक आखलेल्या बाजूच्या उलटाच येतो. एक कागद आखला तसा ठेवा, दुसरा काचेवर पालथा धरून मागून गिरवा. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. हे लिहिलं नाही तर सगळे ब्लॉक एकाच हाताचे शिवून होतात आणि मांडायला बसल्यावर लक्षात येतं.

कापड निवडताना

इथे रंगापेक्षा उजेड-अंधार जास्त बोलतो. गडद, मध्यम, फिकट असे तीन गट करा. निवडलेले तुकडे एकत्र ठेवून मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा रंग डोळ्यांना कितीही वेगळा दिसला तरी कृष्णधवल फोटोत दोन्ही एकच राखाडी होऊन बसू शकतात, आणि मग भेग दिसतच नाही. भेगांची पट्टी सर्वांत गडद किंवा सर्वांत फिकट ठेवा. मधली छटा पट्टीला देऊ नका. तुकड्यांमध्ये फार ठळक छाप असलेलं कापड घेतलं तर डोळा छापाकडे जातो. बारीक ठिपका, साधा रंग किंवा विणीचा पोत असलेलं कापड या नक्षीला जास्त मानवतं.

उभ्या धाग्याकडेही लक्ष हवं. तुकडे तिरके असल्यामुळे काही कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, येतीलच. त्या ब्लॉकच्या आत असल्या तर शेजारची शिवण त्यांना धरून ठेवते, बाहेरच्या कडेवर आल्या तर ब्लॉक ताणला जातो आणि १२ इंचांचा राहत नाही. त्यामुळे बाहेरची कडा उभ्या किंवा आडव्या धाग्यावर येईल असाच तुकडा ठेवा. कापण्याआधी कापडाला थोडी खळ देऊन इस्त्री केली तर काम बरंच सोपं होतं.

शिवणं

आधी पाव इंचाची परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे. कमी दिसली तर तुम्ही माया जास्त घेताय. सहा तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये हा फरक खपून जातो, वीस तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये अर्धा इंच खातो.

कागदावरच्या प्रत्येक भागाभोवती पाव इंच माया आखून घ्या. पहिल्या भेगेच्या बाजूनेही, हे विसरायला होतं. टाका बारीक ठेवा, साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे नंतर कागद शिवणीवर सहज फाटतो. ड१ चं कापड उलट बाजू कागदाला लागेल असं, कागदाच्या कोऱ्या बाजूला टाचणीने लावा. त्यावर पुढचा तुकडा सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवा, कागद पालथा करा आणि आखलेल्या रेषेवरून शिवा. रेषेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन टाके पुढे जाऊ द्या. जास्तीचं कापड पाव इंच ठेवून छाटा, तुकडा उलगडा, इस्त्री दाबा. इस्त्री दाबायची, फिरवायची नाही. फिरवली की उरेब कडा ताणते.

तिरके तुकडे कमी पडण्याची भीती नेहमीची. शिवण्याआधी रेषेवर टाचण्या लावून तुकडा उलगडून बघा आणि उजेडासमोर धरा. सगळ्या बाजूंनी पाव इंच बाहेर दिसत असेल तरच शिवा. मुळात प्रत्येक तुकडा लांबी-रुंदीत लागेल त्यापेक्षा किमान एक इंच मोठा कापा. थोडं कापड वाया जाईल, पण उसवण्यात जाणारा वेळ वाचेल.

दोन्ही भाग साडेबारा इंचांच्या हिशेबाने छाटून झाले की शेवटची शिवण, म्हणजे पहिली भेग. भेगा जिथे कडेला भेटतात तिथे टाचण्या लावा आणि मधे दोन-चार कच्चे टाके घालून बघा. बाकीची शिवण नंतर घाला. कागद सर्व ब्लॉक एकमेकांना जोडून झाल्यावरच काढा, तोवर तो उरेब कडांना सांभाळतो. पहिला ब्लॉक उरलेल्या कापडाचा करा आणि मोजा. साडेबारा आला नाही तर चूक आराखड्यात आहे की शिवणीत, हे एका ब्लॉकवरच शोधून घ्या.

दुसऱ्या नक्षी, थोडक्यात

पान घेतलं तर मधली शीर पहिली रेषा, दोन्ही बाजूंच्या उपशिरा समांतर. डावा आणि उजवा भाग स्वतंत्र कागदांवर शिवा. उपशिरा दोन्ही बाजूंना समोरासमोर न आणता थोड्या वरखाली ठेवल्या तर मधल्या शिवणीवर कोपरे जुळवायची कटकट जाते, आणि पानही जास्त खरं दिसतं. बऱ्याच पानांत त्या तशाच असतात.

पाच पाकळ्यांचं फूल चौकोनात अवघड. ७२ अंशांचे कोन चौकोनाच्या कोणत्याच कडेशी जमत नाहीत. फूल मध्यावर नको, एका कोपऱ्याकडे सरकवा, पाकळ्या कडेबाहेर जाऊ द्या. नाहीतर आठ पाकळ्या करा, ४५ अंशांत सगळं सरळ होतं, पण मग ते नक्षत्रासारखं दिसतं, फुलासारखं नाही.

सूर्यफुलाच्या बियांची मांडणी तुकडे जोडून करायच्या फंदात पडू नका. तिला ॲप्लिकेच (कापडाचे आकार वरून लावून शिवणं) हवं. तिचा नियम मात्र सुंदर आहे: प्रत्येक नवी बी आधीच्या बीपासून १३७.५ अंश फिरून बसते. १२ इंचांच्या ब्लॉकसाठी मध्य ठरवा. पहिल्या ठिपक्यासाठी १३७.५ अंश, दुसऱ्यासाठी २७५, आणि असंच पुढे, ३६० च्या वर गेलं की ३६० वजा करा. मध्यापासूनचं अंतर म्हणजे ठिपक्याच्या क्रमांकाचं वर्गमूळ गुणिले ०.९ इंच. चौथा ठिपका १.८ इंचांवर, नववा २.७ वर, पंचविसावा साडेचारवर. ३४ ठिपके मांडले तर शेवटचा सव्वापाच इंचांच्या आसपास येतो, आणि एक इंच व्यासाचे गोल एकमेकांना न चिकटता नीट बसतात. सगळे गोल एकाच रंगाचे असतील तरी वळणाऱ्या ओळी दिसतात. रंग आळीपाळीने बदलायचे असतील तर प्रत्येक आठव्या ठिपक्याला एक रंग देऊन बघा, एक वळण उठून येतं. तेराव्याला दिला तर वळण उलट्या दिशेने जातं.

भेगांच्या ब्लॉकवर क्विल्टिंगचे (क्विल्टचे थर एकत्र धरणारे) टाके घालताना भेगांच्या पट्ट्यांवरून टाका नेऊ नका. तुकड्यांच्या आत, कडेपासून पाव इंच सोडून, तुकड्याच्या आकाराचाच टाका घाला. तुकडे किंचित फुगतात, पट्ट्या खाली बसतात आणि फट खरीखुरी खोल दिसते.